आवड बदलली

नर्सबाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात मिस्टरांना घेऊन मोटारसायकलच्या शोरूममध्ये गेल्या. मिस्टरांनी उभा जन्म गाडी वाऱ्यासारखी पळवली होती, पण आता दोघांनाही हवी होती बुटकी, लांबच्या प्रवासाला आरामशीर अशी गाडी.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, या वयात कर्ज काढून गाडी? बाबांना जरा समजाव."

"पेन्शन माझी आहे, हप्ते मी भरणार. तू नको डोक्याला ताप करून घेऊस," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि अर्जावर सही ठोकली.

"काका, तुमचं लायसन्स द्या," सेल्समन मिस्टरांना म्हणाला.

 

बाईंनी पर्समधून स्वतःचं कोरं करकरीत लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "हे घ्या. मागे बसायची माझी हौस फिटली."