टेबलाखालचा पाट

आनंदीने टाइपरायटरवरून हात उचलले आणि वाकून निऱ्या सोडवल्या. पुन्हा कुणीतरी खालून ओढल्या होत्या. टेबलाखाली मांजरसुद्धा नव्हतं. भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं आणि बंदरात बोटीचा भोंगा वाजत होता.

समोरच्या टेबलावरून हेडक्लार्क परशुरामभाऊ बघत होते. त्यांनी टाक खाली ठेवला.

"चेडवा, ऊठ गो थंयसून. ती जागा तुझी न्हय."

मग कोणाची, हे तिने विचारलं नाही. काथ्या सोसायटीच्या त्या कचेरीत ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. कालपरवापर्यंत तिथे बैठक होती. भिंतीलगत गाद्या, पाठीला लोड, पुढ्यात उतरती मेजं, आणि कारकून मांडी घालून लिहायचे. खिडकीखालची गादी मात्र कायम रिकामी. ती जागेवाल्याची, म्हणजे त्या जमिनीच्या अदृश्य राखणदाराची. खोळी धुवायला निघाल्या की त्याचीही निघायची, पण तिथे टेकायची कुणाची छाती नव्हती. मग राज्य नवं झालं, पुण्याहून मॅनेजर नवे आले आणि त्यांना कचेरीही नवीकोरी हवी झाली. मुंबईहून बोटीने टेबलं-खुर्च्या उतरल्या. साहेबांनी स्वतः टेप धरून जागा आखल्या, गाद्या माळ्यावर टाकल्या, आणि उजेड चांगला म्हणून टायपिस्टची फिरती खुर्ची नेमकी खिडकीखाली मांडली. आता साहेबांना कोण सांगणार?

एक मात्र खरं. बाप्यांच्या गादीवर बाईमाणूस कुठे बसणार होतं? खुर्च्या आल्या म्हणून तर आनंदीला ही नोकरी लागली.

कचेरीने उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. साहेब फिरतीवर गेले की नारळ फुटायचा, खुर्चीला हार चढायचा, खुर्ची तुझीच म्हणून त्याला सांगणं व्हायचं. कसलं काय. टेबलाखालून टकटक चालूच, खालचा खण आपोआप उघडायचा आणि आनंदीच्या नडगीवर आदळायचा. गावच्या सुताराला, कुस्तोदियो मेस्ताला, बोलावून खुर्चीचे सगळे स्क्रू पिळून घेतले. त्याने खुर्ची दोनदा गरागरा फिरवली, काही वांधा नाही म्हणाला, छातीवर क्रूस काढला आणि चहाला न थांबता निघून गेला.

संध्याकाळी मॅनेजरांनी तिला आत बोलावलं.

"हे पाहा, भुताखेतांशी मला देणंघेणं नाही. कामं तुंबली आहेत. उद्या त्या जागेवर बसून ती उरकणार असाल तर या. नाहीतर येऊ नका."

आनंदी घरी आली ती रडवेली होऊन. आता उद्यापासून चूल फुंकत बसायचं, दुसरं काय? आईने जेवायला हाक मारली. मामा आले होते, त्यांच्यासाठी आईने पाट मांडला. ते "हुश्श" करत पाटावर बसले आणि भाताचं ताट त्यांनी जवळ ओढलं. आनंदी हातातला तांब्या तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. निऱ्या खालून ओढल्या जातात. खण उघडतो तो खालचा. ठोकतं ते टेबलाखालून. सगळं गुडघ्याच्या खाली. अख्खी कचेरी खुर्चीला हार घालत होती, आणि तो बिचारा आपला खाली, नुसत्या थंड जमिनीवर.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी निघाली. काखेत फडक्यात गुंडाळलेला पाट होता, फणसाचा, कडेला घासून गुळगुळीत झालेला. कचेरीत आल्यावर तिने तो टेबलाखाली सरकवला, पदराने पुसला आणि हात जोडले. देवापुढे गाऱ्हाणं घालणं हे बाप्यांचं काम, पण तिला दुसरा कोण होता?

"बा देवा म्हाराजा, तुझी गादी आमी उचललंव, चुकलंव. ह्यो पाट घे. मी तुझ्या वर बसतंय, वायट वाटान घेव नको. माका हयसून उठवू नको, माका दुसरी जागा नाय."

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला. ती दचकली. दारात परशुरामभाऊ चपला काढत होते. गाऱ्हाणं कानावर पडलं की हा ठरलेला होकार त्यांच्या तोंडातून निघायचाच. ते आपल्या टेबलाकडे गेले, तिने टाइपरायटरवर कागद चढवला.

त्या दिवशी टाइपरायटर अडखळला नाही. निऱ्या जागच्या जागी राहिल्या. दुपारपर्यंत तुंबलेल्यातली बरीच कामं हातावेगळी झाली, आणि आनंदीला कधी नव्हे ती कडकडून भूक लागली.

तेवढ्यात मॅनेजर फेरी मारत आले. नव्या रचनेवर त्यांचं फार बारीक लक्ष. टेबलाखालचा पाट त्यांना लगेच दिसला.

"हे काय आणलंत?"

"पाय ठेवायला, साहेब," आनंदी कशीबशी म्हणाली.

साहेब खूश झाले. उत्तम कल्पना आहे, सगळ्या टेबलांखाली असं काहीतरी हवंच, पण तुम्ही ते फार लांब ठेवलंय, असं म्हणत ते वाकले आणि पाट तिच्या पायांकडे ओढू लागले. परशुरामभाऊ अर्धवट उठून उभे राहिले. आनंदीने पाय घट्ट खुर्चीखाली ओढून घेतले.

पाट हलला नाही. सकाळी तिने एका काखेत आणलेला पाट. साहेबांनी दुसरा हात लावला, जमिनीवर गुडघा टेकला, दातओठ खाऊन जोर केला. मग ते एकदम थांबले. थोडा वेळ तसेच, टेबलाखाली बघत, ओणवे राहिले.

ते उठले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी हात रुमालाला पुसले, कोटाचं बटण लावलं, दोन पावलं मागे सरकले आणि नजर टेबलाखालीच ठेवून खालच्या आवाजात म्हणाले,

"बसा, बसा."

आनंदी तर बसलेलीच होती.