आठ्या

"फिलर खळगे भरतं, बोटॉक्स आठ्या घालवतं. काय करू या?" स्कॉट्सडेलच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरने ग्लेंडाला विचारलं. उत्तर दिलं तिच्या नवऱ्याने, रॉडनीने, टकलावरून हात फिरवत. "बोटॉक्सच द्या. तीस वर्षं हिच्या आठ्या बघून विटलोय."

महिन्याने रॉडनी लास व्हेगासच्या कॉन्फरन्सहून परतला. दारातच त्याने सवयीने बायकोचं कपाळ न्याहाळलं. त्याची चोरी पकडली गेली की आधी तिथेच कळायचं. आज कपाळ गुळगुळीत होतं. त्याच्या जिवात जीव आला. मग कंटाळवाणी भाषणं, एकट्याने गिळलेलं बेचव जेवण, अशा थापा तो रंगवून मारत बसला. ग्लेंडाने त्याला सगळं बोलू दिलं.


"तुझ्या त्या केल्सीचा पत्ता मिळाला," ती म्हणाली. "तुझे कपडे सकाळीच तिकडे धाडलेत."