एक जुलैची मुलं

"दोन वर्षं झाली, एक जुलैले सरायचा फोन नाई आला. आमचं काही चुकलं काय हो, भाऊ?"

किराणा दुकानवाल्या योगेंद्रनं भर शोकसभेत असं विचारलं आणि मंचावर बसलेल्या निशांतनं, सरांच्या मुलानं, नजर चुकवली.

कारंजाच्या शाळेचा हॉल गच्च भरला होता. पुढं केशव सरांचा हार घातलेला फोटो. सर होतेच तसे. घरी बायकोच्या, सुनीतीबाईंच्या शेजारी बसून मेथी निवडतील, शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोराला मांडीला मांडी लावून गणित शिकवतील. चाळीस वर्षांपूर्वी ज्या आईबापांना लेकराची जन्मतारीख सांगता येत नसे, त्यांच्या पोरांच्या नावापुढं सरांनी शाळेच्या रजिस्टरात एक जुलै लिहून टाकली. तेव्हा सगळेच मास्तर तसं करत. पण ती तारीख निभावली कोणी? एकट्या केशव सरांनी! दर एक जुलैला पहाटे पाचपासून एकेकाला फोन. "वाढदिवस आहे बेटा तुझा, सुखी राहा."

निवृत्तीनंतर सर वर्ध्याला ज्याच्याकडं राहत, त्या पोटच्या पोराला मात्र या फोनांची लाज वाटायची. निशांतच्या ऑफिसातले राकेश साहेब सरांचेच विद्यार्थी. एकदा चारचौघांत म्हणाले, "तुझ्या बाबांनी आज पहाटे पाचला उठवलं बुवा!" कौतुकानं म्हणाले की चेष्टेनं, देव जाणे. त्याच संध्याकाळी निशांतनं बाबांचा फोन काढून घेतला. "लोक हसतात तुम्हाला," म्हणाला.

आता सगळा हॉल त्याच्याकडं बघत होता. त्यानं उठून माईक हातात घेतला.

"शेवटी शेवटी बाबांना काही आठवत नव्हतं," तो म्हणाला. "नावंसुद्धा विसरले होते."

लोक हळहळले. पहिल्या रांगेत बसलेल्या आईनं मान खाली घातली. मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत नातीकडून पाढे म्हणून घेणारा माणूस, त्याला पोरानं विसराळू ठरवलं. तेही त्याच्याच शाळेत, त्याच्याच फोटोसमोर! निशांतला स्वतःचा आवाज नकोसा झाला. पण बोलून बसला होता.

तेवढ्यात मागून मनकर्णाबाई उठल्या. बाजारात भाजी विकतात. त्यांचाही वाढदिवस एक जुलै, सरांनीच दिलेला.

"नाई हो, भाऊ. मागच्या एक जुलैले सर आलते ना माह्या दुकानावर! वर्ध्याहून, दोन एसट्या बदलून. घामानं पुरे ओले. म्हटलं, सर, काऊन आले एवढ्या उकाड्यात? तर म्हणे, फोन बिघडला, म्हणून घरोघरी फिरून राह्यलो. योगेंद्रभाऊ, तुमच्या इथंबी गेलते, कुलूप होतं. सगळ्यायची नावं घेतली. एक नाई चुकलं."

योगेंद्रनं डोळ्याला रुमाल लावला.

"अन् तुमचं लय कौतुक करत होते, भाऊ. पोरगा म्हणते, बाबा, थांबा, याच्याहून चांगला फोन घेऊन देतो."

बायकांनी निशांतकडं मायेनं पाहिलं. शेजारचे मुख्याध्यापक "वा!" म्हणाले. निशांतला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नुसतं हात जोडून खाली बसला असता तरी निभावलं असतं. विचारणारं कोणी नव्हतं. आईनं मान वर केली होती, तेवढंच.

"फोन बिघडला नव्हता," तो म्हणाला. "मी काढून घेतला होता. आणि बाबांना सगळं आठवत होतं."

मनकर्णाबाई पदरानं तोंड पुसत खाली बसल्या.

"मले तवाच समजलं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "सरायले खोटं बोलाले कुठं जमे!"