बंद पडण्याची तारीख

अश्लेषाच्या अर्जावर सरकारी यंत्राने, सगळ्यांच्या अर्जांवर छापतं तशी, तिची कंपनी बंद पडण्याची तारीख छापली होती. ती जेमतेम अडीच वर्षांनंतरची होती. एका तरी गुंतवणूकदाराची सही असल्याशिवाय नवोद्योग निधी आपला वाटा देत नसे, आणि तारीख पाहून सही कुणी करत नसे.

"दहा जण नाही म्हणालेत, आजी," अकराव्या दारी, कुमुदताईंच्या घरी, तिने आधीच सांगून टाकलं.

"मग चहा तरी घे."

मधुमेहाने बधिर झालेल्या त्यांच्या हातावर अश्लेषाने आपल्या कंपनीचा पातळ हातमोजा चढवला. कुमुदताईंनी कप धरला, आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. सहा वर्षांनी बोटांना ऊब जाणवत होती.

"यंत्र चुकतं का गं कधी?"

"अजून तरी नाही."

"माझा मिरजेचा कर्णयंत्रांचा कारखाना पाच वर्षांत बसला. आधी कळलं असतं तर काढलाच नसता. पण तेवढ्यात चारशे पोरांना ऐकू आलं बघ. तुझे अडीच वर्षांत किती मोजे होतील?"

"तीन हजार तरी."

"मग सही कुठे करायची ते दाखव. उगाच दिवस वाया नकोत."