हिरव्या दोऱ्याची बाटली

पाण्याच्या तीन बाटल्या टेबलावर ठेवून संघपालने खिशातून चष्म्याची डबी काढली.

"घ्या मॅडम, घरीच राह्यला होता तुमचा. काकू गुडघे दाबत उठल्या, पण चहा पाजल्याशिवाय सोडलं नाई."

माधवीने चष्मा लावला. तिच्या सासूला संघपाल काकू म्हणे. मूल गावच्या महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवत असे आणि दर पंधरवड्याला नव्या संशोधनावर सोप्या मराठीत टिपण करून जिल्ह्यातल्या पत्रकारांना पाठवत असे. मागच्या टिपणात तिने लिहिलं होतं की, तुरटीची प्रक्रिया केलेली धानाच्या तुसाची राख पाण्यातलं, दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड धरून ठेवते, असं प्रयोगशाळेत आढळलं आहे. संघपालच्या पेपरात जागा कमी पडली आणि 'प्रयोगशाळेत' एवढा एकच शब्द गळला.

ती बातमी वाचून गोंडपिपरीकडच्या देवाजीने राइस मिलमधून राख आणली, तिला तुरटीची प्रक्रिया केली आणि गावातल्या बोरिंगजवळ ड्रमची गाळणी उभारली. आता तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभा होता. टोपी हातात, नजर बाटल्यांवर.

"कोणी प्यायलं तर नाही ना, भाऊ?"

"नाई बाई, तपासून होयेपर्यंत कुलूप लावून ठेवलं. पण लोक मलेच बोलून राह्यले. म्हनतात, पेपरात छापून आलं, आता काऊन अडवतं? उद्या शाळेतल्या पोरायले त्याच ड्रमचं पाणी देऊ म्हनतात."

"बातमी पाच वाजता जाते," संघपाल म्हणाला. "तुम्ही काय म्हणता, तेच छापतो."

पत्रकारांच्या शिबिरात माधवीने एक शिस्त लावून दिली होती. तपासायला तीन बाटल्या आणायच्या: एक मूळ पाण्याची, एक गाळलेल्या पाण्याची आणि एक बिनधोक पाण्याची, तुलनेसाठी. कोणती कुठली, हे निकालाआधी तिलाही सांगायचं नाही. नाव कळलं की डोळे रंग पाहत नाहीत, नाव पाहतात, असं ती म्हणे. म्हणून संघपालने बाटल्यांच्या गळ्यांत फक्त दोरे बांधले होते: लाल, पांढरा, हिरवा.

तिने तीन नळ्यांत पाणी घेतलं. फोन वाजला. चंद्रपूरचे दंतवैद्य, तिच्या मुलीच्या तपासणीची तारीख ठरवायला. तिने तो बंद केला आणि प्रत्येक नळीत लालभडक द्रावण सोडलं.

"लाल रंग टिकला तर पाणी चांगलं," ती देवाजीला म्हणाली. "जितका पिवळा पडेल, तितकं फ्लोराइड जास्त."

पांढऱ्या दोऱ्याच्या नळीतला रंग टिकला. लाल दोऱ्याची नारिंगी झाली. हिरव्या दोऱ्याची पाहता पाहता पिवळी पडली, पार हळदीच्या पाण्यासारखी.

माधवीने पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा द्रावण सोडलं. तेच झालं.

क्रम उघड होता. पांढऱ्या दोऱ्याची बाटली बिनधोक पाण्याची, हिरव्या दोऱ्याची बोरिंगची, लाल दोऱ्याची ड्रमची. राखेने थोडं धरलं होतं, पुरेसं नाही.

"देवाजीभाऊ, ड्रम उघडू नका. गाळणी कमी पडते आहे."

देवाजी स्टुलावर बसला. "मंग पोरायले काय सांगू, बाई?"

माधवीने पिवळी नळी स्टँडमध्ये ठेवली. ती संघपालकडे वळली. त्याने पेन खिशात ठेवून दिलं होतं.

"लिहून घ्या. हिरव्या दोऱ्याचं पाणी आजपासून कोणाच्याही घशाखाली जाता कामा नये. बोरिंग कुठली, तेही छापा."

"नाव टाकूच का, मॅडम?"

"टाकाच."

"घरच्या लोकायले मोठा धक्का बसन."

"बसू दे. लपवलं तर तेच लोक आणखी वर्षानुवर्षं पीत राहतील. कोणाची भीड बाळगता?"

संघपालने टेबलावरचा चिमटा उचलला, परत ठेवला.

"मॅडम, पांढरा दोरा देवाजीभाऊच्या ड्रमचा आहे. लाल त्यांच्या बोरिंगचा."

देवाजी उठून उभा राहिला. "म्हंजे गाळणी चालते?"

"चालते, भाऊ." संघपालने मान वर केली नाही. "तिसरी बाटली डोळे मिटून पिता येईल अशा पाण्याची आना, म्हनलं होतं ना मॅडम तुम्ही? चष्मा घ्याले गेलो, तवा काकूंनी तुमच्या अंगणातल्या बोरिंगचं भरून दिलं."