घोडी बाळंत झाली

म्मे मापुलेंग झाकलेली बादली घेऊन सेमोन्कोंगच्या जनावरांच्या बाजारात शिरली, तेव्हा मोखेले दलाल एका पोटफुगल्या घोडीला थोपटत म्हाताऱ्या त्लालीला घोळात घेत होता.

"एकीच्या भावात दोन, न्ताते! बाप माझाच काळा घोडा. फक्त जंताचं औषध पाजू नका हां. गाभ पडतो."

मापुलेंगच्या मस्तकात तिडीक गेली. तीन महिन्यांमागं सहा मेंढ्या घेऊन तिला अशीच एक घोडी विकताना त्यानं हेच ऐकवलं होतं, शब्द न् शब्द. तिनं घोडीवर कुणाला बसू दिलं नाही. घरातलं मक्याचं पीठ तिला घातलं. पोट फुगत गेलं, बरगड्या वर येत गेल्या. परवा घोडी बसली ती उठलीच नाही. डॉक्टरनं हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक. "कसलं शिंगरू, बाई? जंतांनी रक्त पिऊन टाकलंय हिचं." औषध दिलं, पण जगेल असं काही तो बोलला नाही.

मापुलेंगनं तोंड भरून हसून हाक मारली, "अरे मोखेले! बाळंत झाली की तुझी घोडी!"

माणसं वळली. मोखेले फुलला. "बघा न्ताते, माझा शब्द! काय झालं, म्मे?"

"आधी सांग, बाप तुझाच घोडा ना?"

"छातीठोक माझाच!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?"

आमच्याकडे बापाला बातमी तोंडानं देत नाहीत. मुलगा झाला तर पाठीत काठी, मुलगी झाली तर अंगावर पाणी.

मापुलेंगनं अख्खी बादली मोखेलेच्या डोक्यावर उपडी केली. लिदीचं पाणी, आणि त्यात औषधानं पडलेले जंत. पांढरे, लाल, बोटाएवढे. टोपीवर, मिशीवर, घोंगडीच्या चुण्यांत.

"मुली झाल्या रे! मोजून घे! तीन महिने माझ्या घोडीच्या रक्तावर पोसल्यात, आता तू पोस! ती मरायला टेकलीय तिकडं, आणि तू इथं दुसरी विकतोस?"

मोखेले थुंकत राहिला. कुणीतरी फिसकन हसलं.

त्लाली हसला नाही. त्यानं समोरच्या घोडीचा ओठ वर केला. हिरड्या बराच वेळ बघितल्या. मग दावं सोडून दिलं, घोंगडी खांद्यामागं टाकली आणि हातातली काठी नीट धरली.

"म्मे," तो म्हणाला, "एवढ्यांत एखादा मुलगाही असेलच की."