खमिराची लेक

प्राध्यापक शेखररावांनी धाकट्या बहिणीला, वर्षालीला, तिवस्याहून गाडीत बसवलं ते दर्यापूरच्या रजिस्ट्री ऑफिसात नेण्यासाठी. बाबांच्या वावरातला हिस्सा सोडल्याची तिची सही तेवढी बाकी होती. रीतीप्रमाणे तिच्यासाठी भारीतली साडीही मागच्या सीटवर ठेवलेली होती. वाटेत अमरावतीला त्यांना कॉलेजात एक तास घ्यायचा होता. भावाचा रुबाब तिनंही पाहावा, म्हणून त्यांनी तिला वर्गात मागच्या बाकावर बसवलं.

सर त्या दिवशी भलतेच रंगात आले.

"यीस्ट म्हणजे आपलं खमीर. त्याची एवढीशी पेशी, पण वाटणी बघा. आधी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत बनवते. मग दोन्ही बाजूंनी धागे येतात, एक प्रत आईकडे ओढतात, एक लेकीकडे. नव्या पेशीला आपण लेकच म्हणतो. एका बाजूचा धागा जरी लागायचा राहिला, तरी पेशी तिथंच थांबते. लेकीला कमी देऊन वेगळं व्हायचं नाही, हा तिचा कायदा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वर्षालीनं तर सगळ्यांत जोरात.

दर्यापूरला रजिस्ट्रीच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. वर्षालीनं पेन उचललं, कागद शांतपणे वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"काहून वं, काय झालं?" शेखररावांनी विचारलं.



"माह्या बाजूनं धागाच लागला नाही, दादा. तूच सांगतलं ना, मंग थांबा लागते."